एक माणूस कमी असताना संध्याकाळची ओपीडी: दवाखान्यातील अर्धवेळ कर्मचाऱ्यांसाठी मार्गदर्शक

दुपारी अडीच-तीनच्या सुमारास दवाखान्यातून फोन येतो, "आज सिस्टर येत नाहीत, तुम्ही जरा लवकर येता का?", आणि त्या एका वाक्याने पुढच्या सहा तासांचे सगळे गणित बदलते. राजारामपुरीच्या गल्ल्यांपासून शाहूपुरी, मंगळवार पेठ आणि फुलेवाडीपर्यंत कोल्हापुरात जे छोटे दवाखाने आहेत, त्यांतील अनेकांचा कारभार डॉक्टर, एक परिचारिका, केसपेपर काढणारी एक व्यक्ती आणि झाडलोट करणाऱ्या मावशी एवढ्यावरच चालतो. मोठ्या रुग्णालयात एका सिस्टरचा खाडा पडला तर शेजारच्या वॉर्डातून कोणी तरी येते. आपल्याकडे शेजारचा वॉर्ड म्हणजे झेरॉक्सचे दुकान.

मी परिचारिका म्हणून गेली नऊ वर्षे अशाच एका दवाखान्यात संध्याकाळी पाच ते साडेनऊ या वेळेत काम करते. कमी माणसांत काम करणे म्हणजे भरभर काम करणे, अशी माझी पहिली काही वर्षे समजूत होती. दोघींचे काम एकीने उरकायला घेतले की त्यातले काही तरी सुटणार, हे नक्की असते. काय सुटणार हे आपण ठरवले नाही, तर ते गर्दी ठरवते, आणि गर्दीने ठरवले की नेमके तेच सुटते ज्याचा आवाज होत नाही: फ्रिजचे तापमान, सुयांचा डबा, सकाळच्या पाळीसाठी लिहून ठेवायची नोंद. म्हणून या लेखातील बहुतेक पायऱ्या काय करावे यापेक्षा काय सोडावे, आणि ते कोणाला विचारून सोडावे, याबद्दल आहेत.

अर्धवेळ काम करणाऱ्याच्या वाट्याला यात दोन जादा अडचणी येतात. दिवसाचा निम्मा भाग आपण तिथे नसतो, त्यामुळे सकाळी काय झाले हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. शिवाय उरलेला वेळ दुसऱ्या नोकरीला, कॉलेजला किंवा घराला आधीच दिलेला असतो, पण "अर्धा वेळच तर काम आहे" असे म्हणणाऱ्यांना तो रिकामाच दिसतो.

घरातून निघण्यापूर्वी

फोनवर लगेच "येते" म्हणू नये. "दहा मिनिटांत सांगते" असे म्हणावे आणि त्याच फोनवर चार गोष्टी विचारून घ्याव्यात. नेमके कोण येणार नाही? खाडा आजचाच आहे की चार दिवसांचा? आज ड्रेसिंग, लसीकरण किंवा टाके काढणे असे काही आधीच ठरलेले आहे का? आणि हे सगळे डॉक्टरांच्या कानावर गेले आहे का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. सिस्टर नाहीत हे डॉक्टरांना ओपीडीच्या मध्यावर, आतून बेल वाजवल्यावर कोणीच आले नाही तेव्हा कळते, असे मी अनेकदा पाहिले आहे. आधी कळले असते तर त्यांनी निदान दोन रुग्णांना दुसऱ्या दिवशीची वेळ दिली असती.

लवकर जाणे जमणार असेल तर ते संदेश पाठवून कळवावे: "आज तीन वाजता येते. दोन तास जादा धरावेत." यात भांडण नाही, केवळ नोंद आहे, आणि महिनाअखेरीस ती दोघांच्याही उपयोगाची ठरते. जमणार नसेल तर कारणांची यादी न देता "आज पाचलाच येऊ शकेन" एवढे म्हणावे. कारण दिले की त्यावर तोडगा सुचवला जातो, आणि तोडग्याला नाही म्हणणे जास्त अवघड असते.

ओपीडी सुरू होण्याआधीची वीस मिनिटे

माणूस कमी असलेल्या दिवशी नेहमीपेक्षा वीस मिनिटे आधी पोहोचावे, आणि पोहोचल्यावर सर्वप्रथम केसपेपरांच्या ढिगाला हात लावू नये. आधी फ्रिज पाहावा. लसी ठेवलेल्या असतील तर तापमान 2 ते 8 अंश सेल्सिअस असायला हवे आणि ते दिवसातून दोनदा लिहायला हवे. सकाळची नोंद नसेल तर ती रिकामीच राहू द्यावी, अंदाजाने भरू नये. लस दाराच्या कप्प्यात ठेवलेली आढळली तर ती तिथून उचलून आपल्या मनाने मधल्या कप्प्यात सरकवू नये. वेगळी ठेवून डॉक्टरांना विचारावे, कारण दार सतत उघडते आणि तिथला गारवा टिकत नाही.

त्यानंतर तातडीचा ट्रे. ॲड्रेनालिनची (तीव्र ॲलर्जी उठल्यास द्यायच्या औषधाची) ॲम्प्युल आहे का, तिची मुदत संपलेली नाही ना, ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा कुठे आहे, मास्क आणि नळी जागेवर आहे का, हे हाताने चाचपून पाहावे. मग निर्जंतुक केलेल्या साहित्याचा ड्रम. ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेच्या दाबाने साहित्य निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला, 121 अंशांवर 15 पौंड दाबाने लागणारा वेळ, वाफ धरण्याचा आणि सोडण्याचा वेळ धरून, गर्दीच्या मधोमध काढता येत नाही. ड्रेसिंगचे संच कमी असतील तर ते आताच लावावे लागतात. शेवटी सुयांचा पांढरा डबा. तो तीन चतुर्थांश भरला असेल तर लगेच बंद करून नवा काढावा, कारण भरलेल्या डब्यात घाईने सुई कोंबताना हाताला टोचते.

हे झाले की डॉक्टरांशी तीन मिनिटे बोलावे. पहिला रुग्ण आत गेल्यावर ही तीन मिनिटे पुन्हा मिळत नाहीत. "आज खूप काम आहे" अशा बोलण्याचा उपयोग नसतो. डॉक्टरांनाही ते दिसत असते. "सर, आज इंजेक्शन, ड्रेसिंग आणि केसपेपर तिन्ही माझ्याकडे आहेत. यातले मी काय थांबवू?" असे विचारले की उत्तर द्यावेच लागते. उत्तर सुचत नसेल तर आपण पुढे ठेवण्यासाठी माझी स्वतःची विभागणी इथे देते.

काही गोष्टी कोणत्याही दिवशी सोडायच्या नसतात: रुग्णाची ओळख पटवणे, लसींचा गारवा, सुयांची विल्हेवाट, इंजेक्शननंतर रुग्णावर लक्ष ठेवणे, हात धुणे आणि पुढच्या पाळीची नोंद. काही गोष्टी उद्यावर गेल्या तरी कोणाचे बिघडत नाही: जुने केसपेपर कपाटात लावणे, औषधांचा साठा मोजणे, मेडिक्लेमचे अर्ज भरणे. आणि काही गोष्टी त्या दिवसापुरत्या दारातच थांबवायच्या असतात: कान टोचणे, चामखीळ काढणे, फिटनेसचे दाखले, आणि औषध कंपन्यांचे प्रतिनिधी. प्रतिनिधी मंडळी बिचारी बॅग घेऊन तासन् तास उभी असतात आणि त्यांना परत पाठवताना वाईट वाटते, परंतु एका प्रतिनिधीच्या पाच मिनिटांत दोन तापाचे रुग्ण तपासून होतात. दारावर "आज प्रतिनिधींना भेट नाही" अशी पाटी सरांच्या परवानगीने लावावी, म्हणजे नाही म्हणण्याचे काम पाटी करते.

दारातली गर्दी

कर्मचारी कमी असल्याचे रुग्णांपासून लपवू नये. "आज सिस्टर रजेवर आहेत, नंबर लागायला साधारण दीड तास लागेल" असे सांगितले तर काही जण भाजी घेऊन येतात, काही उद्या येतात, आणि जे बसतात ते समजून बसतात. खोटी आशा दाखवली तर वीस मिनिटांनी "ताई, आमचा नंबर कवा येणार ओ?" सुरू होते आणि प्रत्येक उत्तरामागे आपली दोन मिनिटे जातात. नंबर फळ्यावर लिहावेत, आणि सध्या कितवा नंबर आत आहे तेही. खडूचे हे साधे काम निम्मे प्रश्न संपवते.

नंबराचा नियम मात्र काही रुग्णांना लागू नाही, आणि ते कोण हे केसपेपर काढतानाच ओळखावे लागते. छातीत दुखणे किंवा दाटून येणे, दम लागून वाक्य पूर्ण न करता येणे, झटका येऊन गेलेला असणे, तोंड वाकडे होणे किंवा एका बाजूचा हात अचानक लुळा पडणे, गरोदरपणातला रक्तस्राव, दूध ओढत नसलेले तान्हे बाळ, कीटकनाशक पोटात गेलेले असणे, साप चावणे. यांपैकी काहीही ऐकले की हातातले काम ठेवून उठावे आणि डॉक्टरांना सांगावे. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी दहा मिनिटांत निघायला हवा. दवाखान्यात यंत्र नसेल किंवा ते लावायला माणूस नसेल तर 108 ला फोन करायला उशीर करू नये. उसाच्या फडातून साप चावून आलेल्या माणसाच्या पायाला बरेचदा दोरी करकचून आवळलेली असते. असा रुग्ण छोट्या दवाखान्यात ठेवून घेण्यासारखा नसतो, आणि माणूस कमी असताना तर नाहीच. चावलेला अवयव हलू न देता त्याला सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयासारख्या, प्रतिविष उपलब्ध असलेल्या ठिकाणी पोहोचवायचे असते, आणि ती दोरी कधी, कशी सोडायची हे डॉक्टरांनी सांगायचे असते.

ओळख पटवण्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण माझी स्वतःची चूक तिथे झाली. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मी एकटीच होते. फोन कानाला, एका हातात केसपेपर, आणि मी "पाटील" अशी हाक मारली. तीन माणसे उठली. सर्वांत पुढच्या काकांना मी आत सोडले आणि त्यांच्या हातात दिला तो दुसऱ्याच पाटलांचा केसपेपर. काकांच्या स्वतःच्या केसपेपरवर पेनिसिलिनच्या ॲलर्जीची नोंद लाल शाईत होती. हातातला केसपेपर स्वच्छ होता. डॉक्टरांनी अमोक्सिसिलिन लिहिले, जे पेनिसिलिनच्याच गटातले औषध आहे. काका चिठ्ठी घेऊन बाहेर आले, औषधाचे नाव बोट ठेवून वाचले आणि म्हणाले, "ह्या गोळीनं मागं अंगावर पित्त उठलं हुतं, तीच न्हवं का ही?" त्या दिवशी चूक काकांनी पकडली, मी नाही.

तेव्हापासून मी आडनावाने हाक मारणे बंद केले आहे. कोल्हापुरात नुसते पाटील, कांबळे, जाधव किंवा चव्हाण म्हणून हाक मारणे म्हणजे निम्म्या बाकाला उठवणे. नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, गाव आणि वय या चार गोष्टी विचाराव्यात, आणि त्या रुग्णाच्या तोंडून वदवून घ्याव्यात. "तुम्ही पाटील ना?" असे विचारले तर कंटाळलेला किंवा कमी ऐकू येणारा माणूस "हो" म्हणतोच. केसपेपर काढणारी व्यक्ती रजेवर असेल त्या दिवशी हीच पायरी पहिली गळते, म्हणून त्या दिवशी ती दोनदा करावी: बाहेर एकदा आणि इंजेक्शनच्या खोलीत पुन्हा एकदा.

इंजेक्शनची खोली

माणूस कमी पडला की इथे दोन मोह होतात. पहिला मोह म्हणजे काम ज्याचे नाही त्याच्याकडून करून घेणे. "मावशी इतकी वर्षे बघतायत, त्या देतील इंजेक्शन" हे वाक्य मी प्रत्यक्ष ऐकले आहे. मावशींच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे, पण ज्या व्यक्तीचे तसे शिक्षण आणि नोंदणी नाही तिने इंजेक्शन देऊ नये, आणि तिला ते द्यायला लावणे हा तिच्यावरही अन्याय आहे, कारण काही बिघडले तर लोक आधी तिलाच धरतात. असे सांगण्यात आले तर "सर, तेवढे इंजेक्शन तुम्ही द्याल का? मी तोपर्यंत पुढच्या रुग्णाचे बीपी बघते" असा पर्याय द्यावा. नाही म्हणताना पर्याय दिला की सहसा वाद होत नाही. औषधांचेही तेच. डॉक्टर आपल्या रुग्णाला स्वतः औषध देऊ शकतात, परंतु त्यांनी न लिहिलेले औषध, "मागच्या वेळचेच द्या ना" म्हणणाऱ्याला गर्दी कमी व्हावी म्हणून काउंटरवरून देणे हे आपले काम नव्हे.

दुसरा मोह म्हणजे आधीच भरून ठेवणे. चार सिरिंज भरून ट्रेमध्ये ओळीने ठेवल्या की वेळ वाचतो असे वाटते, पण दहा मिनिटांनी कोणती कशाची हे सांगता येत नाही, कारण बहुतेक औषधे पाण्यासारखीच दिसतात. एका वेळी एकच रुग्ण, एकच सिरिंज, आणि जिने भरली तिनेच द्यायची. औषध भरत असताना फोन वाजला तर वाजू द्यावा. मी इंजेक्शनच्या खोलीत जाताना फोन मावशींच्या हाती देते, त्यांनी एवढेच सांगायचे असते की "पाच मिनिटांनी परत लावा."

लसीकरण ठरलेले असेल आणि आपण एकट्या असाल, तर सगळ्या बाळांना संध्याकाळच्या पहिल्या अर्ध्या तासात बोलवावे. लस दिल्यानंतर अर्धा तास बाळाला दवाखान्यातच बसवायचे असते, आणि ओपीडी ऐन भरात आल्यावर कोपऱ्यातल्या बाळाकडे लक्ष राहत नाही. बसायची जागाही आपल्या नजरेसमोरची द्यावी, जिन्याजवळची नको. सोबतच्या द्रावकात मिसळून तयार करायच्या बीसीजी किंवा गोवर-रुबेला लसीच्या बाटलीवर उघडल्याची वेळ लिहावी. चार तासांनंतर ती वापरायची नसते, आणि गडबडीत "आत्ताच तर उघडली" असे वाटत राहते.

सुईला टोपण परत लावू नये, हे सर्वांना माहीत असते आणि घाईत सर्वांचा हात त्या टोपणाकडेच जातो. टोचलेच तर जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी. दाबून रक्त काढू नये, बोट तोंडात घालू नये. मग ओपीडी संपण्याची वाट न पाहता डॉक्टरांना सांगावे. एचआयव्हीपासून बचावासाठी घ्यायची औषधे शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हवीत, आणि 72 तासांनंतर त्यांचा उपयोग धरला जात नाही. कावीळ-ब (हिपॅटायटिस बी) या आजाराची लस शून्य, एक आणि सहा महिने अशी तीन वेळा घेतलेली नसेल, तर हे वाचून झाल्यावर सर्वांत आधी ती सुरू करावी. अर्धवेळ कर्मचाऱ्यांच्या लसीची आठवण दवाखान्याला क्वचितच होते.

साफसफाई आणि कचरा

मावशी नसतील त्या दिवशी फरशी एकदाच पुसली गेली तरी चालेल, पण कचऱ्याचे रंग चुकता कामा नयेत. रक्ताने मळलेला कापूस आणि ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत, सुई काढलेली सिरिंज, सलाइनची नळी आणि हातमोजे लाल पिशवीत, सुया आणि ब्लेड पांढऱ्या डब्यात, काचेच्या ॲम्प्युल निळ्या खोक्यात. मळलेला कचरा 48 तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही, असे 2016 चे नियम सांगतात; त्यामुळे कचऱ्याची गाडी येते त्या वेळी पिशवी हातात द्यायला कोण असेल, हे माणूस रजेवर जाण्याआधीच ठरवावे लागते.

चार्ज देणे

थकून घरी निघताना सर्वांत जिवावर येणारे आणि सकाळच्या पाळीला सर्वांत उपयोगी पडणारे काम म्हणजे चार्ज, म्हणजे पुढच्या पाळीसाठीची नोंद, लिहून ठेवणे. तोंडी निरोपावर विसंबू नये. अर्धवेळ माणसांची एकमेकांशी गाठच पडत नाही. एक साधी दोनशे पानी वही पुरे. मागच्या महिन्यातील माझी एक नोंद, रुग्णाची ओळख पटेल असे तपशील गाळून, इथे देते:

"मंगळवार, रात्री 9.20. फ्रिज 5 अंश. सिस्टर रजेवर, उद्याही नाहीत. तीन ड्रेसिंग झाली; चौथे उद्या सकाळी दहाला, पायाची जखम, साखर जास्त, चिठ्ठी केसपेपरला लावली आहे. धनुर्वाताची इंजेक्शने दोनच शिल्लक. पिवळी पिशवी सोमवार सकाळपासूनची, उद्या गेलीच पाहिजे. एका रुग्णाचा रक्ताचा रिपोर्ट लॅबने फोनवर कळवला, सरांना सांगितला, रुग्णाचा फोन लागला नाही, सकाळी परत करणे. केसपेपर लावायचे राहिले आहेत, टेबलावर डाव्या बाजूला. गल्ला मोजून सरांकडे दिला."

यात जे झाले त्यापेक्षा जे राहिले ते अधिक आहे, आणि ते तसेच असावे. काय राहिले हे लिहायला अनेक जणी लाजतात, जणू ती कामचुकारपणाची कबुली आहे. पण न लिहिलेले राहिलेले काम सकाळच्या सिस्टरला झालेलेच वाटते, आणि त्या न लागलेल्या फोनसारखी गोष्ट मग कोणाच्याच हातात उरत नाही.

खाडा आठवड्यावर गेला तर

एखाद्या दिवसाची ओढाताण निभावता येते. दोन-तीन आठवडे तेच चालले तर ती आता दवाखान्याची रीत होऊ लागली आहे असे समजावे, आणि बोलण्याआधी चार आठवड्यांची नोंद ठेवावी: तारीख, कोण नव्हते, रुग्ण किती, जादा किती मिनिटे थांबावे लागले, आणि काय सुटले. ओपीडीच्या गडबडीत हा विषय काढू नये. दवाखाना बंद असण्याच्या वेळी दहा मिनिटे मागून घ्यावीत आणि वही पुढे ठेवावी.

पैशांचे बोलणे तासांत करावे. साडेचार तास गुणिले 26 दिवस म्हणजे महिन्याचे 117 तास होतात. समजा पगार 9,360 रुपये असेल, तर तासाचा दर 80 रुपये झाला. जादा वेळेचा दर निदान त्याच्या खाली नसावा, आणि तो किती हे आधी ठरलेले असावे. "बघू दिवाळीला" या उत्तरावर मी दोन दिवाळ्या काढल्या आहेत.

नुसती माणसाची मागणी केली तर "मिळत नाहीत हो माणसं" हे उत्तर येते, आणि ते पुष्कळदा खरेही असते. म्हणून मागणी लहान करावी. दिवसभरासाठी माणूस मिळत नसेल, पण संध्याकाळी सात ते नऊ या भरगच्च दोन तासांत केसपेपर काढायला शेजारचा एखादा कॉलेजचा मुलगा किंवा मुलगी मिळते. तेही नसेल तर रोजच्या नंबरांना मर्यादा घालणे आणि नंबर घेणे रात्री साडेआठला बंद करणे, या दोन गोष्टींना एक रुपयाही लागत नाही. माझ्या मते नंबर बंद करण्याची वेळ ठरवणे हा सर्वांत उपयोगी बदल आहे, आणि डॉक्टर त्याला सर्वांत जास्त विरोध करतात.

पुढचा भाग कॅलेंडरचा आहे, कारण कोल्हापुरात माणसे कमी पडण्याचे बरेच दिवस आधीच माहीत असतात. गौरी-गणपतीत बायकांना गावी जायचेच असते. नवरात्रात महाद्वार रोडच्या आसपासचे रस्ते गर्दीने भरतात आणि तिकडून येणाऱ्यांना उशीर होतो. चैत्रात जोतिबाची यात्रा, मे महिन्यात लग्नसराई, आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनी मदतीला असतील तर त्यांच्या परीक्षा. या तारखांच्या रजा महिनाभर आधी वहीत लिहून घ्याव्यात, आणि एकाच दिवशी दोघींना रजा देऊ नये.

पावसाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा पातळी आणि 43 फुटांवर धोका पातळी, हे आकडे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असतात. दवाखान्याने ते रजेच्या वहीतही लिहून ठेवावेत. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच बंद पडला होता. पातळी इशाऱ्याकडे चालली की चिखली, आंबेवाडी किंवा शिरोलीकडून येणारा कर्मचारी उद्या पोहोचू शकणार नाही असे धरून, ज्याच्या रस्त्यावर पाणी येत नाही अशा शहरातल्या माणसाला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. पाणी उतरल्यावर जुलाब, ताप आणि पायांच्या बोटांतील चिखल्यांचे रुग्ण वाढतात, आणि नेमके तेव्हाच पुरातले कर्मचारी आपापल्या घरातला गाळ काढत असतात. त्या आठवड्याची बदली माणसे पूर येण्याआधीच ठरलेली हवीत.

बदली माणसांसाठी तीन-चार नावांची यादी पुरते: निवृत्त सिस्टर, दुसऱ्या पाळीतली सहकारी, आणि शक्य झाल्यास शेजारच्या एखाद्या दवाखान्याशी अदलाबदलीचा समझोता, दोन्ही डॉक्टरांच्या संमतीने. परिचारिका म्हणून बोलवायचे असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची चालू नोंदणी आधी पाहावी. नव्या माणसासाठी एक पानी माहिती भिंतीवर लावावी: तातडीचा ट्रे कुठे, ऑक्सिजनची चावी कुठे, कोणत्या कप्प्यात काय, डॉक्टरांचा नंबर, 108. किल्ल्या आणि गल्ला बदली माणसाकडे पहिल्या दिवशी देऊ नयेत. त्यात अविश्वास नाही, चार रुपये कमी भरले तर त्या बिचारीवर संशय जाऊ नये एवढेच. बऱ्याच ठिकाणी शेवटी डॉक्टरांच्या घरचीच माणसे केसपेपर काढायला येऊन बसतात. त्यांनाही ते पान वाचायला द्यावे, संकोच करू नये.

स्वतःपुरते

संध्याकाळी येण्याआधी नीट खाऊन यावे आणि पाण्याची बाटली नजरेसमोर ठेवावी. चार तास पाणी न पिता उभे राहिले की सर्वांत आधी आपला आवाज चढतो, आणि मग रांगेचाही चढतो. कोणी अंगावर धावून आले किंवा मोडतोड केली तर एकट्याने तोंड देऊ नये: आतल्या खोलीत जावे, डॉक्टरांना बोलवावे, 112 ला फोन करावा. आरोग्यसेवा देणाऱ्या व्यक्तींवरील हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात 2010 पासून कायदा आहे, हा गुन्हा अजामीनपात्र आहे, आणि त्याचे संरक्षण परिचारिकांनाही मिळते. तशी पाटी दर्शनी भागात असलेली बरी.

निघण्याची वेळ दारावरच्या वेळेप्रमाणे ठरवू नये, आपल्या बसप्रमाणे ठरवावी. केएमटीची शेवटची बस चुकणार असेल तर ते आठ वाजताच सांगावे, साडेनऊला नको. कुलूप लावताना शक्यतो दोघे असावेत.

एवढे करूनही तीन-चार महिन्यांत काहीच हलले नाही, रिकामी जागा भरण्याची भाषाही बंद झाली आणि आपले साडेचार तास कायमचे सात झाले, तर एक महिन्याची लेखी सूचना देऊन निघावे. ऐन पुरात किंवा साथीत तडकाफडकी सोडू नये, कारण त्याचा फटका डॉक्टरांपेक्षा सकाळच्या सिस्टरला बसतो. अनुभवाचा दाखला शेवटच्या आठवड्यात नको, सूचना देतानाच मागावा. किल्ल्या, फ्रिजची नोंदवही आणि चार्जची वही सही घेऊन सोपवावी, आणि शेवटच्या पानावर आपला नंबर लिहून ठेवावा. पहिला आठवडाभर नवी मुलगी फोन करतेच. बहुधा ऑक्सिजनच्या चावीसाठी.